उजवा सव्वातेरा

सोमवार, ११ मार्च
वॉर्ड क्रमांक चार, दुपार

दादा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते म्हणून नमस्कार. तब्येत बरी असेलच, तुझी नेहमीच असते. वहिनी धुतलेले कपडे घेऊन आली आहे आणि खारूपाशी बसली आहे. ती निघायच्या आत हे लिहून तिच्या पर्समध्ये कोंबायचं आहे. फोन मी करणार नाही. डिसेंबरात तुझा नंबर बंद केला तो बंदच राहणार. आणि इथे सोळा खाटांच्या मध्ये एक भिंत नाही. मला जे बोलायचं आहे ते सोळा आयांना ऐकवायची हौस नाही.

काल वहिनीच्या फोनवरून खारूशी बोललास. मी खाली औषधं आणायला गेले होते, तेवढा मोका बरोबर साधलास. वर आले तर पोरगी गालातल्या गालात हसत होती. काय गं, म्हटलं, तर म्हणे, "काही नाही, मामाचा गृहपाठ आहे." तो गृहपाठ काय होता ते आज सकाळी कळलं.

आधी काय झालं ते ऐक, कारण तुला अर्धवट कळलेलं असणार आणि अर्धवट ज्ञानावरच तुझी गाडी चालते. शुक्रवारी सर्जनबाईंनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं. हातमोज्यांच्या रिकाम्या पाकिटावर पेनने पाय काढला. गाठ उजव्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात आहे. गेल्या अडीच महिन्यांच्या औषधांनी ती आवळली आहे, फुफ्फुसं स्वच्छ आहेत, आता तेवढं हाड काढायचं. वाटा तीन. पहिली, हाड आणि गुडघा काढून तिथे धातूचा सांधा बसवायचा, आणि ती उंच होत जाईल तसा तो थोडा थोडा लांबवत न्यायचा. पाय पायासारखाच दिसतो. दुसरी, मांडीतून पाय काढून टाकायचा. तिसरी ऐकताना मला वाटलं बाईंचं काहीतरी चुकतंय. मधला खराब भाग काढायचा, खालची पोटरी आणि पाऊल, आतली मुख्य नस सांभाळून, उलटं फिरवायचं आणि वर मांडीला जोडायचं. टाच पुढे, बोटं मागे. घोटा गुडघ्याच्या जागी येतो आणि गुडघ्याचं काम करतो, पावलावर नकली पाय चढवतात. जीव वाचायची आशा तिन्ही वाटांत सारखीच, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, पहिली. त्यात विचार कसला करायचा? ह्यांनी नेहमीचं टुमणं लावलं, "तुला योग्य वाटेल ते." या माणसाने आयुष्यात स्वतःच्या शर्टाचा रंग कधी निवडला नाही, तो पाय काय निवडणार.

आणि आज सकाळच्या राउंडला बाई खारूच्या खाटेपाशी आल्या, तर ही उठून बसली. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, ओठांना फोड आलेत, पण आवाज खणखणीत. "मला एकच विचारायचं आहे. धातूच्या पायाने पळता येईल?" बाई खोटं बोलत नाहीत, तोच तर त्यांचा वाईट गुण आहे. म्हणाल्या, "चालशील, जिना चढशील. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत." "मग कशाने पळता येईल?" "सगळ्यात चांगलं, तिसऱ्याने." "मग तिसरं." जसं काही दुकानात रिबीन निवडते आहे.

दादा, तळपायाची आग मस्तकात गेली. हा प्रश्न अकरा वर्षांच्या पोरीचा नाही. हा तुझ्यातल्या मैदानावरच्या सरांचा प्रश्न आहे. तुला अजूनही पळणंच दिसतं! माझी पोरगी जगते की नाही याची मला धास्ती, आणि तुझं लक्ष तिच्या शर्यतीच्या वेळेवर.

उलटं पाऊल म्हणजे काय, तुला आठवतं का? भुताचे पाय उलटे असतात हे मला सांगणारा तूच. मी सहाची होते, तू दहाचा. न्हाणीघरातून ओल्या पायांनी मागे मागे चालत आलास आणि फरशीवरचे ठसे दाखवून म्हणालास, बघ, आत्ता आत गेलं. चार दिवस मी न्हाणीघरात एकटी गेले नाही. आता त्याच तुझ्या तोंडाने माझ्या मुलीचं पाऊल फिरवायला सांगतोस?

आणि कुठल्या तोंडाने? डिसेंबरात तिने तुला सांगितलं होतं की मामा, गुडघा दुखतो. तू काय केलंस? पट्टी बांधलीस, बर्फ लावलास आणि आठ दिवस पळवलंस. स्पर्धा होती ना! नवव्या दिवशी तूच एक्स-रेला नेलंस हे खरं, पण आठ दिवस पळवलंस हेही खरं. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंसमोर बोलले, तुझं मैदान गेलं, त्याचं मला यत्किंचितही वाईट वाटत नाही. आईने तुला दार उघडलं नाही, त्याचंही नाही.

पुढच्या सोमवारपर्यंत कागदावर सही द्यायची आहे. गुरुवारी, एकवीसला, ऑपरेशन. मी पहिल्या वाटेवर सही करणार आहे. तू मध्ये नाक खुपसू नकोस. आणि वहिनीजवळ "चिंधीला सांग" म्हणून निरोप धाडणं बंद कर. लहानपणी कापडाचे तुकडे गोळा करत फिरायचे म्हणून तू ते नाव ठेवलंस, तेव्हा मला भाऊ होता.

खारूची आई


शनिवार, १६ मार्च

दादा,

नमस्कार. उत्तर मिळालं. मी चार पानं लिहिली, तू चार ओळी. माणसाला चार ओळींत एवढं जाळता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुझ्याच शब्दांत परत लिहिते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला कळेल. "पाय तिचा आहे, तिला विचार. आठ दिवस पळवलं ही माझी चूक, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण एक विचारतो, राग मानू नकोस. स्पर्धेचा ट्रॅकसूट तूच शिवलास. माप घेताना काही दिसलं नाही?"

राग मानू नकोस म्हणे! आधी थोबाडीत मारायची आणि मग विचारायचं, लागलं तर नाही ना.

माप घेणं म्हणजे काय ते तुला कधी कळलंय का? एकवीस वर्षं माझ्या गळ्यात टेप आहे. देवाने एकही माणूस दोन्ही बाजूंनी सारखा घडवलेला नाही. कुणाचा एक खांदा अर्धा इंच खाली, कुणाचा एक दंड जाड, कुणाची कंबर एकीकडे कललेली. आम्ही त्यावर चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाईकाला त्याचं अंग सांगायचं नसतं. तिथे थोडं कापड सोडायचं, इथे थोडं धरायचं, आणि आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. बाया माझ्याकडे दोन बसस्टॉप ओलांडून येतात त्या त्यासाठीच. मी शिवणारी बाई आहे, डॉक्टर नाही. गुडघ्याच्या आतलं मला टेपने दिसतं का? काही दिसलं नाही. सही करून देऊ? काही दिसलं नाही.

झालं तुझं समाधान?

आता इथली बातमी. गुरुवारी सर्जनबाईंनी एका मुलीला पाठवलं. मुलगी कसली, तेवीस वर्षांची बाई. इमारतींना रंग द्यायचं काम करते. नखांत पांढरा रंग, पँटवर सगळे रंग. आली ती सरळ खारूच्या खाटेवर बसली, पँटचा पाय गुंडाळला आणि नकली पाय काढून कपाटाला टेकवून ठेवला, छत्री ठेवावी तसा. नऊ वर्षांची असताना तिची हीच तिसरी वाट झाली आहे. पाऊल मागे वळलेलं. पाचही बोटांना लाल नेलपॉलिश!

खारू म्हणाली, "हलवून दाखव." तिने बोटं हलवली. खारू म्हणाली, "गुदगुल्या होतात?" ती म्हणाली, "करून बघ." मग दोघी अशा हसल्या की पलीकडच्या तीन खाटांवरची पोरं उठून बसली. मी बाहेर बेसिनवर गेले आणि धुतलेले पेले परत धुतले.

परत आले तर पळण्यावर गाडी आली होती. ती म्हणे शाळेत शर्यतीत धावायची. पहिली यायची नाही, पण शेवटचीही नाही. आता शिडीवर उभी राहून दिवसभर ब्रश चालवते. खारू मला म्हणाली, "आई, मामाला सांग, मी भूत होणार. पगारी भूत." त्या पोरीला ते इतकं आवडलं की म्हणाली, उद्या मुकादमाला सांगते, माझा हुद्दा बदला म्हणून.

मग माझ्याकडे वळली. "तुम्ही शिवता ना? मला एक पँट शिवून द्याल? मला एक शिंपी धड मिळत नाही. सगळे दोन्ही पाय सारखे करायला बघतात. अहो, नाहीयेत सारखे! मग सांध्यापाशी कापड अडकतं आणि मी शिडीवर लटकते. मी म्हणते, आहे तसं माप घ्या, तर टेप घेऊन इकडेतिकडे बघतात. मला नाही हो लाज वाटत, त्यांनाच वाटते."

मी म्हटलं, बघू.

तू जिंकलास असं समजू नकोस. मी अजून सही केलेली नाही.

आणखी एक सांगायचं होतं. इथे रोज नवा शिकाऊ डॉक्टर येतो आणि तेच ते विचारतो. दुखणं कधी सुरू झालं, सूज पहिल्यांदा कधी दिसली. मी पाठ म्हटल्यासारखं सांगते, डिसेंबरचा दुसरा आठवडा, मामाकडे पळायला जायची तेव्हा. नऊ जणांना सांगितलं. आज दहावा आला, त्यालाही सांगितलं. तो लिहून घेऊन गेला. खारू चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तू तेव्हा नवा टेप काढला होतास ना?"

मी म्हटलं, कुठला टेप?

"पिवळा. जुना सैल झालाय म्हणालीस."

वहिनी निघाली. इथेच थांबवते.

मी


मंगळवार, १९ मार्च

दादा,

नमस्कार. हे पत्र रविवारपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता फाडायला कागद उरला नाही, म्हणून हे तुझ्यापर्यंत येतंय.

सहा नोव्हेंबरला मी खारूचं माप घेतलं. दुकानात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कापायच्या टेबलाजवळ उभं करून. ट्रॅकसूट अंगाबरोबर हवा म्हणून गुडघ्याच्या वरचं माप दोन्ही पायांचं घेतलं. डावा बारा. उजवा सव्वातेरा.

मला वाटलं टेप सैल झाला. कापडी टेप वापरून वापरून ताणतो, ते काही नवीन नाही. कपाटातून नवा पिवळा काढला. डावा बारा, उजवा सव्वातेरा. खारूला म्हटलं, नीट उभी राहा, एका पायावर भार देऊ नकोस. ती म्हणाली, "नीटच उभी आहे. आई, इथे हात लाव ना, टणक लागतं." मी हात लावला. टणक लागलं. मी म्हटलं, पळतेस ना, स्नायू होतात. आणि वहीत आकडे लिहिले.

ट्रॅकसूट शिवताना उजव्या पायाच्या शिलाईत जास्तीची माया, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवली, सव्वा इंच बाहेर सोडली, कड अशी वळवली की कुणाच्या बापाला कळू नये. तिने घालून आरशात पाहिलं. दोन्ही पाय सारखे! मी खूश झाले रे. खरंच सांगते, आपल्या हाताला काय जमतं म्हणून मी खूश झाले.

मला काहीच वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. पहिल्या दोन कागदांवर तसंच लिहिलं होतं. खोटं आहे ते. आकडा दुसऱ्यांदा तोच आला तेव्हाच शंका आली होती. मी मशीन चालू केलं, दोन ब्लाउजं आणि एक परकर संपवला, आणि दुकान बंद करेपर्यंत ती शंका गेली. गेली म्हणजे मी जाऊ दिली. त्यानंतर सहा आठवडे मी तिच्या गुडघ्याकडे बघितलं नाही. आंघोळीनंतर टॉवेल दारातून द्यायचे.

तू डिसेंबरात एक्स-रेचं पाकीट घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिलास, तेव्हा तुझं तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं. आणि माझं तोंड उघडलं तर काय निघालं? "तू माझ्या पोरीला पळवलंस." आपोआप निघालं. तू खाली बघितलंस आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मग तेच आईला सांगितलं. तेच शाळेत जाऊन ओरडून सांगितलं, सगळा स्टाफ गोळा झाला होता. तेच दहा डॉक्टरांना. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं.

काल सर्जनबाईंना जाऊन खरं सांगितलं. वही घेऊनच गेले होते. त्यांनी आकडे वाचले, फायलीतली तारीख खोडली, सहा नोव्हेंबर लिहिलं. मी विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर? म्हणाल्या, "गाठ लहान असती, कदाचित. वाटा याच असत्या, कदाचित. मला सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल तो तुम्हाला फसवेल." मी विचारलं, पळवल्यामुळे झालं का? "नाही. पळून कुणाच्या हाडात अशी गाठ होत नाही." मग विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. मी नाही म्हटलं, तर टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पुडा काढून दिला. मी तिथेच बसून सगळा खाल्ला आणि रडले.

धातूचा पाय मला का हवा होता ते आता लिहिते. खारूसाठी नव्हे. मला दोन सारखे पाय हवे होते. पाय सारखे दिसले की कुणी विचारत नाही, हे कधी दिसलं, कुणाला दिसलं. उलटं पाऊल बघून उद्या रस्त्यावरचं पोरसुद्धा विचारेल. ते मला नको होतं. एवढ्यासाठी मी तिचं पळणं कायमचं बंद करणार होते. भुताची भीती वगैरे सगळी सबब होती.

काल दुपारी सही केली. तिसऱ्या वाटेवर. ह्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि माझ्या आधी सही केली. म्हणाले, "तिने सांगितलंय ना." अठरा वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा माझ्या आधी काही केलं.

वहीचं ते पान फाडून सोबत पाठवते आहे. तारीख आहे, माझं अक्षर आहे. मुख्याध्यापिकाबाईंना दाखव आणि तुझं मैदान परत घे.

पण एक ऐक. आठ दिवस पट्टी बांधून पळवलंस ते पळवलंसच. माझी चूक निघाली म्हणून तुझी धुतली गेली नाही. मला अजून राग आहे.

परवा सकाळी आठला तिला आत नेतील. यायचं तर ये. मी बोलेनच असं नाही.

तुझी बहीण


बुधवार, २७ मार्च

दादा,

नमस्कार घाल चुलीत. तू ते पान परत का पाठवलंस?

वहिनीने आज सकाळी पाकीट हातात ठेवलं. मला वाटलं तुझं पत्र आहे. तर आत माझंच पान, चार घड्या घातलेलं, आणि तुझी चिठ्ठी: "जपून ठेव. कुणाला दाखवायची गरज नाही. माझं मी बघून घेईन." मोठा दानशूर आलास! नाक वर करून माफी वाटत फिरतोस! माझी चूक झाकणारा तू कोण? झाकणं हा माझा धंदा आहे, तुझा नाही. आणि त्यानेच घात झाला आहे.

म्हणून मी स्वतः गेले. वहिनीला खारूपाशी बसवलं आणि साडेदहाला शाळेत जाऊन उभी राहिले. त्याच ऑफिसात, त्याच टेबलासमोर, जिथे डिसेंबरात टेबलावर हात आपटला होता. कारकून मला बघून उठूनच उभा राहिला, म्हटलं असेल आली पुन्हा. बाईंना पान वाचून दाखवलं. डावा बारा, उजवा सव्वातेरा, सहा नोव्हेंबर. त्यांना कळेना, म्हणून सगळं सांगितलं, टेपसकट. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाल्या, पान ठेवून जाता का? म्हटलं, झेरॉक्स देते, मूळ पान माझ्या वहीत राहणार. तुझ्या आठ दिवसांचंही मी सांगितलं, ते काही गाळलं नाही. त्या तुला बोलावतील. पुढचं तुझं तू बोल.

तिथून आईकडे गेले. आईने सगळं ऐकलं. मला वाटलं आता मला हाकलणार. तर उठली आणि तुझा जुना स्टीलचा डबा शोधायला लागली. झाकण सापडेना तर माझ्यावरच ओरडली, की या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. रविवारी जा तिच्याकडे.

गुरुवारी तू आला होतास, मी पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या कूलरपाशी, नऊ तास. मैदानावरचेच बूट घालून. ह्यांनी तुला चहा आणून दिला तेही पाहिलं.

खारूची बोटं गरम आहेत. पहिले दोन दिवस सिस्टर दर तासाला येऊन बोटांचा रंग बघायची, दाबून सोडायची, परत लाल होतात का बघायची. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. खारू पूर्ण शुद्धीवर आली तेव्हा पहिलं काय विचारलं असेल? "फिरवलं?" म्हटलं, हो. "बोटं कुठायत?" प्लास्टरच्या खालून माझा हात आत घालून मी तिच्या अंगठ्याला धरलं. ती म्हणाली, "मला तर पाऊल समोरच वाटतंय. आई, गुदगुल्या कर." केल्या. हसली, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून रडली, आणि मलाच शिव्या घातल्या. तुझ्याकडूनच शिकली आहे त्या.

काढलेलं हाड तपासायला गेलं आहे. औषधं अजून चार-पाच महिने चालणार. बाई म्हणतात, रिपोर्ट येईपर्यंत आशा धरा, जास्त विचारू नका. मी विचारते तरीही.

आज दुपारी मी तिचं माप घेतलं. तिनेच सांगितलं. म्हणाली, घरी जायला चड्डी लागेल, आणि त्या रंगवाल्या ताईसारखी अडकणारी नको. पिवळाच टेप होता. दोनदा घेतलं. वहीच्या नव्या पानावर तारीख घातली. डावा पाय कंबरेपासून तळव्यापर्यंत, उजवा पाय टाचेपर्यंत, टाच पुढे. आहे तसं लिहिलं. तिने वही मागून घेतली, एकेक आकडा वाचला, आणि खाली स्वतःची सही ठोकली. म्हणाली, "आता तू बदलू शकत नाहीस."

नाही बदलणार.

सोमवारी तिला कुबड्यांवर उभं करणार आहेत, खाटेपासून खिडकीपर्यंत. अकरा पावलं आहेत, मी मोजली. तिने फर्मान काढलं आहे की वेळ लावायची, आणि घड्याळ मामाच्याच हातात पाहिजे. वहिनी चालणार नाही, मी तर मुळीच चालणार नाही, कारण माझ्या आकड्यांवर तिचा भरवसा नाही. तिच्या तोंडून हे ऐकताना काय झालं ते तुला नाही सांगत.

सकाळी दहाला ये. उशीर केलास तर बघ.

अजून रागावलेली,
तुझी चिंधी